वायरमन पोचेपर्यंत



स्मृतिव्याख्यानाला विषय भारदस्त हवा, अशी आपल्याकडे रीत आहे. लोकशाही, संस्कृती, शिक्षण, मूल्ये. मी आज बॅटरीवर बोलणार आहे. मोबाइलच्या टॉवरखाली, तारेच्या कुंपणाआड, लोखंडी कपाटात जी बॅटरी बसवलेली असते, तिच्यावर. विषय लहान वाटेल. पण कोणाची हाक ऐकू जाते आणि कोणाची डोंगरातच विरते, याचा निकाल आज बऱ्याच वेळा त्या कपाटात लागतो. म्हणून ते कपाट उघडून पाहण्यात एक संध्याकाळ खर्च करायला हरकत नाही.

एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. गावात लाइट गेली, की तुमच्या मोबाइलची रेंज किती वेळ टिकते? फोनचे चार्जिंग मी विचारत नाही, रेंज विचारतो आहे. महामार्गालगत कदाचित रात्रभर टिकत असेल. आत डोंगराकडे तासाभरात जात असेल. काही पाड्यांवर बल्ब आणि रेंज दोन्ही जवळजवळ एकदमच मावळतात. आता पुढचे पाहा. लाइट गेली की आपण आधी शेजारी डोकावतो. त्याचीही गेली असली की हायसे वाटते. मनुष्यस्वभाव आहे, चालायचेच. मग वायरमनला फोन लावतो. कुठल्या डीपीचा फ्यूज उडाला, कुठल्या वळणावर ऐनाची फांदी तारेवर पडली, हे वायरमनला स्वप्नात दिसत नाही. त्याला कोणीतरी कळवावे लागते. ते कळवायचे कशावरून? मोबाइलवरून. आणि मोबाइल कशावर चालतो? त्याच विजेवर. म्हणजे वीज दुरुस्त व्हायला फोन हवा आणि फोन चालायला वीज हवी. विहिरीत पडलेल्या माणसाला दोर हवा आणि दोरही त्याच्याबरोबर विहिरीत पडलेला, असा हा प्रकार आहे.

माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की या विहिरीतून वर येण्याची वाट बॅटरीच्या तासांतून जाते आणि ते तास ठरवण्याचे माप आपण चुकीचे धरले आहे. आज ते माप सरासरीचे आहे. ते असावे वायरमनच्या वाटचालीचे. ज्या गावात दुरुस्तीचा माणूस पोचायला जितका वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ त्या गावाचा टॉवर विजेवाचून जगला पाहिजे. तीन गोष्टी मांडतो आणि मग आक्षेपांकडे वळतो. टॉवर जगतो कसा, ही पहिली. तो मेल्यावर काय होते, ही दुसरी. आणि त्याच्या मरणाची नोंद कुठे होते, किंवा होत नाही, ही तिसरी.

पहिली गोष्ट. टॉवर म्हणून आपण ज्या उंच सांगाड्याकडे बोट दाखवतो तो नुसता खांब आहे. जीव असतो तो वर बांधलेल्या आणि पायथ्याशी ठेवलेल्या यंत्रांत. ही यंत्रे ४८ व्होल्टच्या डीसी विजेवर चालतात. महावितरणच्या तारेतून येते ती एसी वीज. पायथ्याचे पॉवर युनिट तिचे रूपांतर करते, यंत्रांना पुरवते आणि जोडीला बॅटरी भरत राहते. तार मेली की बॅटरी त्याच क्षणी भार घेते. बॅटरी उतरणीला लागली की डिझेलचा जनरेटर सुरू व्हावा, अशी जुनी योजना. हे ४८ व्होल्ट आले कुठून? जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधून. ज्यांनी डायल फिरवण्याचे फोन वापरले आहेत त्यांना आठवेल, की घरात मिट्ट काळोख असला तरी फोनचा घुर्रर्र असा आवाज चालू असे. कारण फोनची वीज घरातून येतच नव्हती. ती त्याच तांब्याच्या जोडतारेतून एक्स्चेंजच्या बॅटरी-खोलीतून येत होती. त्या काळी फोन मिळायला वर्षे लागत, हे खरे. पण मिळालेला फोन काळोखाला भीत नसे. आपण फोन खिशात आणला, आणि ती बॅटरी-खोली फोडून तिचे तुकडे डोंगराडोंगरांवर ठेवले. आता त्यातल्या प्रत्येक तुकड्याची देखभाल निराळी करावी लागते. ती कोण करते, किती करते, हा सारा प्रश्न आहे.

थोडे गणित करू. गणिताने विषय स्वच्छ होतो. समजा, एका टॉवरला ६०० एएचची, म्हणजे ६०० अँपिअर-तासांची, शिशाची बॅटरी बँक आहे. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल एका ओळीत, म्हणजे ४८ व्होल्ट. गुणाकार केला की २८.८ युनिट. बॅटरी तळापर्यंत उपसू नये, म्हणून ८० टक्के धरू. २३ युनिट हाताशी आली. टॉवरवर एकाच कंपनीची यंत्रे आणि भार दोन किलोवॅट असेल, तर साडेअकरा तास निघतील. उत्तम. आता त्याच टॉवरवर आणखी दोन कंपन्या आल्या, फोर-जी आले, फाइव्ह-जी आले आणि भार पाच किलोवॅटवर गेला. राहिले साडेचार तास. मग बॅटरी जुनी झाली, ताकद निम्म्यावर आली. राहिले सव्वादोन तास. आणि कागदावर? कागदावर अजून ६०० एएचच. कोणी खोटे बोलले नाही, कोणी काही चोरले नाही, तरी साडेअकराचे सव्वादोन झाले.

बॅटरी जुनी होते ती नुसत्या वर्षांनी नाही. शिशाच्या बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत: ऊन आणि अर्धपोट. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा. आणि अर्धपोट म्हणजे काय? पुरती भरण्याआधीच पुन्हा उपसा सुरू झाला, असे रोज घडले, की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि तो पुढे सुटत नाही. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जिथे लाइट वारंवार जाते, तिथेच बॅटरी लवकर म्हातारी होते. ज्याला आधाराची गरज जास्त, त्याचाच आधार आधी मोडतो. लिथियमची बॅटरी हे बरेच सोसते, पण ती महाग, आणि महाग वस्तू ओसाड टेकडीवर ठेवायची म्हणजे चोरांना आवतण. डिझेलची तीच कथा. टाकीत डिझेल असते तोवर जनरेटर चालतो, आणि ते डिझेल कॅनमधून, गाडीतून, शेवटी कधी डोक्यावरून न्यावे लागते. भर पावसात ओढा ओलांडून डिझेल नेणाऱ्या माणसावर आपली रेंज अवलंबून असते आणि त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

यात आणखी एक मेख आहे. डोंगराळ भागातला टॉवर एकटा नसतो. पाड्याचा टॉवर त्याच्यावरच्या गोल डिशमधून पुढच्या टेकडीवरच्या टॉवरशी बोलतो, तो त्याच्या पुढच्याशी, आणि असे करत संदेश महामार्गाच्या कडेच्या फायबरला मिळतो. या साखळीतला मधला टॉवर झोपला, की मागचे सगळे टॉवर जागे असून मुके होतात. तुमच्या गावात लाइट आहे, टॉवरवरचा लाल दिवा लागलेला आहे आणि तरी रेंज नाही, असे होते ते पुष्कळदा यामुळे. तेव्हा सगळे टॉवर सारख्या मोलाचे नसतात. काही टॉवर दाराच्या कडीसारखे असतात. ती कडी निखळली तर दार कितीही जाड असून उपयोग नाही. हा मुद्दा लक्षात असू द्या, खर्चाच्या आक्षेपाला उत्तर देताना तो पुन्हा लागेल.

आता दुसरी गोष्ट. टॉवर मेला तर काय बिघडते? माणसे मोबाइलशिवाय जगत नव्हती का? जगत होती. पण तेव्हा सरकारी कारभार मोबाइलवर आलेला नव्हता. आज रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र नेटवर्क मागते. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल अ‍ॅपवरून घेणे सक्तीचे झाले. बँकेचा प्रतिनिधी अंगठा घेतो तो नेटवर्कवर. १०८ ची रुग्णवाहिका फोनवरून येते आणि पाड्यापर्यंत रस्ता नसेल तर बाळंतिणीला झोळीत घालून ती जिथे उभी राहील तिथवर न्यावे लागते. तेव्हा गाडी कुठे थांबली आहे, हे कळायलाही फोनच लागतो. राज्यकारभाराने आपला सगळा भार ज्या खांबावर टाकला, तो खांब किती तास उभा राहील, हे मात्र व्यापाराच्या हिशेबावर सोडले. हे शहाणपणाचे आहे का?

पुरावे पाहू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सुरक्षेसाठी उपनगरांची वीज तोडावी लागली आणि पाठोपाठ लाखो फोन बंद पडले. माणसे कमरेएवढ्या पाण्यातून चालत होती आणि घरच्यांना ती कुठे आहेत याचा पत्ता नव्हता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागले. विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले आणि श्रीवर्धन, म्हसळ्याकडचे फोन कित्येक दिवस निपचित पडले. मग जुलै २०२१. २१ तारखेच्या रात्री आपल्या शहापूर तालुक्यातल्या उंबरमाळी स्थानकात पाणी फलाटाच्या उंचीला टेकले, कसारा घाटात दरड आली आणि खर्डी ते इगतपुरी गाड्या थांबल्या. दुसऱ्याच दिवशी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, आणि संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. रस्ते बंद, वीज बंद, फोन मुके. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. माळीण आठवा, ३० जुलै २०१४. घाटमाथ्यापलीकडचे, आपल्या सह्याद्रीतलेच गाव. गाव नाहीसे झाल्याची खबर बाहेर आली ती एसटीच्या चालकाकडून; त्याला रोजच्या ठिकाणी गाव दिसले नाही. तिथे बॅटरी असती तर गाव वाचले असते, असे मी मुळीच म्हणत नाही. डोंगर फोन ऐकून थांबत नाही. पण खबर किती वेळाने बाहेर पडते, यावर मागे राहिलेल्यांचे जगणे ठरते, आणि २०१४ सालीही ती एसटीच्या वेळापत्रकाने बाहेर पडली, एवढे आपण विसरू नये.

आता एक उलटा पुरावा देतो, कारण सोयीचे तेवढे सांगणे हे व्याख्यान नव्हे, वकिली झाली. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रिड कोसळली. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात वीज नव्हती. पण मोबाइल बहुतेक ठिकाणी चालू राहिले. का? कारण तिकडे लाइट रोजच जात होती, म्हणून टॉवरखाली मोठ्या बॅटऱ्या आणि डिझेलचे जनरेटर होतेच. रोजच्या दुखण्याने औषध घरात ठेवायला लावले होते. यातून एक विचित्र गोष्ट निघते. वीज सुधारते तसा आधार आटतो. वीस-बावीस तास वीज येऊ लागली, की जनरेटर परवडत नाही म्हणून हलवला जातो. बॅटरी तास-दोन तासांच्या झटक्यापुरती ठेवली जाते. रोजचा हिशेब बरोबर जुळतो. आणि मग वर्षातून एकदा दोन दिवसांचा काळोख येतो. रोजच्या गरजेला पुरेल एवढेच पाणी भरणाऱ्या घराला आग लागली तर काय होईल, तेच इथे होते.

तिसरी गोष्ट नोंदीची. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, सेवेच्या दर्जाचे निकष आहेत. त्यातला बराच काळ चालत आलेला एक निकष असा, की महिन्यात २४ तासांहून अधिक बंद राहिलेले टॉवर एकूण टॉवरांच्या दोन टक्क्यांहून जास्त नसावेत. दोन टक्के म्हणजे चांगलेच की, असे वाटते ना? पण विचारा, की ते दोन टक्के कोणते? दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून निवडलेले का? एका महिन्यात नाशिकचे, दुसऱ्या महिन्यात पुण्याचे, तिसऱ्या महिन्यात आपले? तसे होत नसते. लांब फीडरच्या शेवटाला, जंगलाच्या पोटात असलेले टॉवर महिन्यामागून महिने त्याच दोन टक्क्यांत राहू शकतात आणि तरी निकष तंतोतंत पाळला जातो. शंभरातले दोन कायमचे उपाशी आणि वर्गाची सरासरी उंची-वजन झकास, असे हे आहे.

२०२४ साली ट्रायने नवे नियम आणले. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते लागू झाले. त्यांत सुधारणा आहे, ती मान्य केली पाहिजे. जिल्ह्यात सेवा चार तासांहून अधिक बंद पडली तर कंपनीने ते २४ तासांत कळवायचे. २४ तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यायची. पण माप कोणते? जिल्हा. आपला जिल्हा कोणता? ठाणे. नवी मुंबई, ठाणे, कल्याण, उल्हासनगर, भिवंडी ही शहरे ज्याच्या पोटात आहेत तो जिल्हा. या जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या दहा पाड्यांची रेंज तीन दिवस गेली, तर जिल्ह्याच्या तराजूचा काटा हलेल का? शिवाय नैसर्गिक आपत्ती असेल तर ग्राहकाच्या भरपाईतून कंपन्यांना सूट आहे. म्हणजे पावसाळ्यात, जेव्हा फोनची गरज सर्वांत अधिक, तेव्हाच हिशेबाची वही मिटलेली.

तुलनेसाठी १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार घ्या. कळवा-पडघे भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई बंद पडली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. काही तासांत वीज टप्प्याटप्प्याने परत आली. चौकशा झाल्या, अहवाल झाले, विधाने झाली. व्हायलाच हवी होती. माझी तक्रार नाही. पण शहराच्या काही तासांना चौकशी समिती आणि पाड्याच्या काही दिवसांना साधी नोंदसुद्धा नाही, हे अंतर कशाने भरायचे?

आणि हे अंतर कुठे आहे पाहा. चंद्रपूरहून निघालेली ७५२ किलोमीटर लांबीची, १५०० मेगावॅट वाहणारी डीसी वाहिनी घाट उतरून पडघ्याला येते, इथून हाकेच्या अंतरावर. भातसेला १५ मेगावॅटचे वीजघर आहे. आणि आपल्या शहापूर तालुक्यात, चोंढ्याला, घाटघर प्रकल्पाचे भूमिगत वीजघर आहे: १२५ मेगावॅटचे दोन संच. तिथे मागणी कमी असताना पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करतात. ही काय आहे? ही बॅटरीच आहे! पाण्याची बॅटरी. राज्याची संध्याकाळ अंधारू नये म्हणून सह्याद्री पोखरून आपल्याच तालुक्यात २५० मेगावॅटची बॅटरी बसवता येते. मग त्याच तालुक्यातल्या टॉवरखाली दोन किलोवॅटची बॅटरी धड का ठेवता येत नाही? तानसा, वैतरणा, भातसा उशाशी असून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्याला ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण समजावून सांगायला नको. विजेची आणि फोनची ही त्याच म्हणीची पुढची ओळ आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप सरळ आहे: आधी वीज सुधारा, बॅटरीचे काय घेऊन बसलात? वीज सुधारलीच पाहिजे, यात वाद नाही. पण न पडणारी ग्रिड जगात कोणी बांधलेली नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन सधन देश भर दुपारी काळोखात गेले आणि जसजशा बॅटऱ्या उतरल्या तसतसे तिथले मोबाइल गप्प होत गेले. शिवाय मघाशी पाहिले तसे, वीज सुधारली की आधार कमी करण्याचा मोह वाढतो. म्हणून दोन्ही कामे बरोबरीने चालली पाहिजेत.

दुसरा आक्षेप: आपत्तीत टॉवरच मोडतात, तेव्हा बॅटरी काय करणार? ऐकायला पटते. पण ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांनंतर हिशेब मांडला गेला, तेव्हा असे आढळले, की आगीने थेट जळून सेवा बंद पडल्याचे प्रसंग सुमारे एक टक्का होते आणि वीज गेल्यामुळे बंद पडल्याचे ८८ टक्के. टॉवर बहुधा उभाच असतो. तो उपासाने मरतो.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि तो गंभीर आहे. पाड्यावरचा टॉवर कंपनीला पैसे मिळवून देत नाही. त्याखाली महागडी बॅटरी कोण ठेवील? अमेरिकेत कॅटरिना वादळानंतर २००७ साली टॉवरला आठ तासांचा आधार सक्तीचा करण्याचा नियम निघाला. कंपन्यांनी विरोध केला आणि तो कधी अमलात आलाच नाही. म्हणजे हा विरोध फक्त आपल्याकडचा नाही. पण तीन उत्तरे आहेत. एक, दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के रक्कम ग्रामीण सेवेच्या निधीला जाते. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. हा पैसा टॉवर उभारायला मिळतो. तो टॉवर जागा ठेवायलाही मिळावा, आणि उभारणीच्या फितीवर न थांबता चालू राहिलेल्या तासांवर मिळावा. दोन, सगळ्या टॉवरांना दोन दिवसांचा आधार द्या असे कोणी म्हणत नाही. मघाची दाराची कडी आठवा. ज्या टॉवरवर मागचे टॉवर अवलंबून आहेत ते आधी हेरा आणि त्यांना मजबूत करा. तीन, सगळा भार वाहायची गरज नाही. लाइट गेल्यावर फाइव्ह-जी आणि व्हिडिओची चैन बंद करून फक्त बोलण्यापुरते आणि संदेशापुरते यंत्र चालू ठेवता येते. पाच किलोवॅटचा भार एक-दीडवर आला की तीच बॅटरी तिपटीहून अधिक टिकते. घरात इन्व्हर्टरवर आपण फ्रिज चालवतो का? दोन दिवे आणि एक पंखा चालवतो. एवढे शहाणपण टॉवरला शिकवणे अवघड नाही. आणि काळोखाच्या वेळी जो टॉवर जागा असेल त्याने कुठल्याही कंपनीच्या सिमला आसरा द्यावा. ही सोय चक्रीवादळांत आपल्या देशात वापरली गेली आहे. ती दिल्लीच्या आदेशाची वाट न पाहता आपोआप लागू व्हावी.

चौथा आक्षेप पर्यावरणाचा: म्हणजे पुन्हा डिझेल जाळायचे का? ट्रायनेच २०११ साली अंदाज मांडला होता, की देशातले टॉवर वर्षाला सुमारे २०० कोटी लिटर डिझेल पितात. त्यावर जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने निर्देश दिले, की २०१५ पर्यंत निम्मे आणि २०२० पर्यंत ७५ टक्के ग्रामीण टॉवर सौर किंवा तत्सम संकरित विजेवर यावेत. पुढे भर टॉवरांच्या संख्येवरून कार्बनच्या मोजमापाकडे सरकला. हेतू चांगलाच होता. पण डिझेलचे लिटर मोजले गेले, मौनाचे तास मोजले गेले नाहीत. डिझेल हटवले ते ठीक. त्याच्या जागी तितक्याच तासांचे काय ठेवले, हा प्रश्न राहिला. आणि सौरऊर्जेचे गोडवे गाताना हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की आपल्याकडे लाइट सर्वांत जास्त जाते ती जुलै-ऑगस्टात, आणि सूर्यही तेव्हाच रजेवर असतो. म्हणून नुसत्या सौर पट्ट्या पुरेशा नाहीत. पट्ट्या, धडधाकट बॅटरी, कमी केलेला भार आणि मोक्याच्या टॉवरांवर शेवटचा उपाय म्हणून जनरेटर, असा मेळ घालावा लागेल. वर्षातून चार-सहा दिवस चाललेल्या जनरेटरने पृथ्वी तापत नाही. रोज चालणाऱ्याने तापते.

पाचवा आक्षेप: आपत्तीसाठी उपग्रहाचे फोन आहेत, पोलिसांचे वायरलेस आहेत. आहेत आणि असावेत. पण त्यांवरून सरकार सरकारशी बोलते. पाड्यावरच्या बाईने कोणाशी बोलायचे? २०२३ साली दूरसंचार विभागाने आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मिळून सगळ्यांच्या फोनवर इशाऱ्याचा कर्कश भोंगा वाजवून चाचणी घेतली, ती आठवत असेल. उत्तम योजना. पण तो भोंगा वाजवणार कोण? टॉवर. टॉवर झोपलेला असेल, तर दरडीचा इशारा नेमका दरडीखालच्या गावाला ऐकू येणार नाही.

मग माप कसे असावे? नॉर्वेने २०११ च्या वादळातून धडा घेऊन ठरवले, की शहरात किमान दोन तास आणि शहराबाहेर किमान चार. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये वणव्याच्या पट्ट्यात ७२ तास ठरवले. आकड्यांपेक्षा त्यामागची दृष्टी पाहा: जिथे मदत उशिरा पोचते, तिथे तास जास्त. आपल्याकडे हे तत्त्व परके नाही. उंबरमाळीवरून जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर पाहा. रेल्वेच्या सिग्नलला एकाच तारेच्या भरवशावर सोडत नाहीत. वरच्या विद्युत तारेवरून वीज, स्थानिक वीज, जनरेटर आणि त्यांच्या मागे बॅटरी, असे एकाखाली एक आधार असतात. कारण सिग्नल विझला तर माणसे मरतात, हे रेल्वेने मान्य केले आहे. फोन विझला तरी माणसे मरतात. फक्त ती एका जागी, एका वेळी मरत नाहीत, म्हणून त्याला अपघात म्हणत नाहीत.

तेव्हा मागणी नेमकी अशी करू. टॉवरच्या आधाराचे तास भूभागानुसार ठरावेत. महावितरणला त्या फीडरवर दुरुस्तीला प्रत्यक्षात जितका वेळ लागतो, त्याहून ते अधिक असावेत. ते कागदावरच्या एएचमध्ये न मोजता, दर पावसाळ्याआधी भार टाकून मोजावेत. बंद राहिलेल्या टॉवरांची यादी जिल्ह्याची न करता गावाची करावी आणि ती ग्रामपंचायतीत लागावी. महावितरणनेही दवाखाना आणि पाणीपुरवठ्याइतकाच टॉवरचा फीडर आधी जोडावा. यात स्वप्नाळू असे काय आहे? वायरमन पोचेपर्यंत फोन जिवंत राहावा, यापलीकडे यात काही नाही.

शेवटची विनंती तुम्हाला. मागणीला पुरावा लागतो आणि आज तो कोणाजवळच नाही, कारण आपणही तो लिहून ठेवत नाही. येत्या पावसाळ्यात गावात एक वही घाला. ग्रामपंचायतीत, शाळेत, रेशन दुकानात, कुठेही. लाइट गेली की चार वेळा लिहा: लाइट कधी गेली, रेंज कधी गेली, रेंज कधी आली, लाइट कधी आली. तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती वही वाचा आणि ठरावाला जोडा. शहापूर अनुसूचित क्षेत्रात आहे. इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला कायद्याने वजन दिले आहे, ते वापरा. वही दोन रुपयांचे पेन मागते, विजेवर चालत नाही आणि तिची बॅटरी उतरत नाही.